डँडी डिनमाँट टेरियर

डँडी डिनमाँट टेरियर ही इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातली छोट्या कुत्र्यांची जुनी जात. पाठ लांब, पाय आखूड, कान खाली पडलेले आणि डोक्यावर रेशमी केसांचा मोठा झुपका. उंची खांद्यापाशी ८ ते ११ इंच, वजन साधारण ८ ते ११ किलो. टेरियर म्हटलं की आपल्या सोलापुरात लोकांना पिटबुलच आठवतो आणि शेजारी गेट लावून घेतात, पण हा शब्द मुळात जमिनीवरून आलाय, लॅटिनमध्ये ‘तेरा’ म्हणजे जमीन, बिळात शिरून शिकार हुसकणारं कुत्रं ते टेरियर. डँडी पाणमांजर आणि बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या मागे जायचं.

नाव आलं स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटच्या ‘गाय मॅनरिंग’ (१८१५) या कादंबरीतल्या डँडी डिनमाँट नावाच्या शेतकऱ्यावरून. कादंबरीतल्या पात्राचं नाव मिळालेली ही बहुधा एकमेव जात. त्या पात्राच्या सगळ्या कुत्र्यांची नावं एकतर पेपर (मिरी) नाहीतर मस्टर्ड (मोहरी), आणि हिंडलीच्या जेम्स डेव्हिडसन नावाच्या खऱ्या शेतकऱ्याकडेही हीच पद्धत होती, म्हणून लोक त्यालाच डँडी म्हणू लागले. स्कॉटचं म्हणणं मात्र असं की पात्र कुणा एकावरून घेतलेलं नाही, कुत्र्यांच्या नावांची गोष्ट तेवढी डेव्हिडसनची. आजही जातीचे अधिकृत रंग हे दोनच आहेत. पेपर म्हणजे निळसर काळ्यापासून चंदेरी करड्यापर्यंत. मस्टर्ड म्हणजे तांबूस ते फिकट बदामी, इथे आपल्या मिसळणाच्या डब्यातली काळी मोहरी डोळ्यासमोर आणू नका, वाटलेल्या पिवळ्या मोहरीचा रंग आणा.

जात तयार कशी झाली यावर मात्र बराच वाद आहे. एक मत असं की लोंबते कान ऑटरहाउंड या पाणमांजराच्या शिकारी कुत्र्याच्या संकरातून आले. दुसरं मत लांब पाठ आणि आखूड पाय बघून डॅक्सहुंड या तशाच बांध्याच्या जर्मन जातीकडे बोट दाखवतं. तिसरं मत असं की सीमाभागातल्या खरखरीत केसांच्या गावठी टेरियरमधूनच निवडून निवडून ही जात उतरली, बेडलिंग्टन ही टेरियरची दुसरी जातही त्याच गोतावळ्यातली. डॅक्सहुंडच्या मताला काळाची अडचण येते, ब्रिटनमध्ये ती कुत्री जास्त करून १८४० च्या सुमारास, राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्टच्या काळात दिसू लागली आणि डेव्हिडसनची कुत्री त्याच्या आधीची. शिवाय २००९ च्या जनुकीय संशोधनात आखूड पायांच्या बऱ्याच जातींमध्ये एफजीएफ४ या जनुकाची एकच जादा प्रत सापडली, म्हणजे पाय आखूड दिसले म्हणून डॅक्सहुंडचं रक्त मानायलाच हवं असं नाही. तिसरं मत जास्त पटण्यासारखं वाटतं. त्याला आधार म्हणून इंग्लंडच्या सीमेवरच्या नॉर्थंबरलंडच्या विल्यम ‘पायपर’ ॲलनचं (मृत्यू १७७९) नाव घेतात, हा बॅगपाइप वाजवायचा आणि टेरियर घेऊन पाणमांजरं मारायचा, त्याचा पीचम नावाचा कुत्रा भुंकला की पाणमांजराचं कातडं आधीच विकून टाकायला हरकत नाही असं तो म्हणायचा म्हणे. ॲलनपासून डेव्हिडसनपर्यंतची साखळी मात्र बरीचशी ऐकीव आहे. पक्कं मूळ सांगतात ते १८४२ साली स्कॉटलंडमधल्या सेलकर्कच्या हेनिंग इस्टेटवर जन्मलेल्या ओल्ड जिंजर या कुत्र्यापासून. सेलकर्कलाच १८७५ मध्ये या जातीचा क्लब निघाला, जगातल्या जुन्या ब्रीड क्लबांपैकी एक.

आता सांभाळण्याचं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा फिरवणं सकाळी उजाडताना, दुपारी शहाबादी फरशीवर ओला सोलापुरी टॉवेल अंथरून त्यावर झोपू द्यायचं, टॉवेल अंगावर पांघरायचा नाही, उष्णता आत कोंडते. लांब पाठीमुळे मणक्यांमधल्या चकत्या सरकायचा धोका असतो, म्हणून ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवरून उडी मारू देऊ नका, उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. ज्वारीच्या रानात नेलं तर घरी येऊन कान आणि बोटांच्या बेचक्या चाचपायच्या, कुसळ एकदा आत गेलं की पुढेच सरकत जातं. बांधावरची बिळं उकरायची खोड जन्माची आहे आणि आपल्याकडे त्या बिळात घोणस असू शकते, पट्टा सोडायचा नाही. गोचीड रोज बघायचे. शेंगाचटणी लावलेली भाकरी लाडाने टाकू नका, लसूण कुत्र्याला बाधतो. केस मशीनने कापत नाहीत, मेलेले राठ केस चिमटीत धरून वाढीच्या दिशेने हलकेच उपटायचे, दुखत नाही, कितीतरी कुत्री त्यात डुलकी काढतात. मशीन मारलं की केस मऊ पडतात आणि रंग उतरतो.

ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात धोक्यातल्या देशी जातींच्या यादीत ठेवली आहे, वर्षाला ३०० किंवा त्याहून कमी पिल्लांची नोंद होते अशा जाती त्यात येतात. भारतात २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर निर्बंध आले, तेव्हा जात टिकवण्यासाठी तिचा प्रसार करणं म्हणजे पिल्लांची विक्री असं इथे समजू नये, ती चूक होईल. लोकांना जात दाखवणं, नाव सांगणं, केस उपटायची पद्धत शिकवणं हाच खरा प्रसार, आपल्या भागातल्या कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठीही तेच करायला हवं. आणि कुणी पिल्लू घेतच असेल तर आधी आईबापाच्या डोळ्यांच्या काचबिंदू तपासणीचा रिपोर्ट मागावा, कारण या जातीत काचबिंदू आढळतो, आणि पाठीचा त्रास नाही ना हे कळायला आईला चार पावलं चालवून बघावं.