लिथियमची ग्राउंड स्टेट, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची अणुरचना, कोणती?

साधारण 77 केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्या आसपास, लिथियम आपली बीसीसी रचना (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू) सोडू लागतं. हे 1940च्या दशकातल्या क्ष-किरण प्रयोगांत दिसलं आणि नवी रचना हेक्सागोनल (षट्कोनी) ठरवली गेली. थंड अवस्थेतच धातू ठोकला, दाबला तर मात्र एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी अणू) मिळते, हेही तेव्हाच नोंदलं गेलं होतं. या नोंदीला पुढे मिळायला हवं तेवढं वजन मिळालं नाही.

हेक्सागोनल रचनेशी न्यूट्रॉन विवर्तनाच्या (न्यूट्रॉनचा झोत विखुरवून रचना ओळखण्याच्या) नोंदी नीट जुळत नव्हत्या. 1984 मध्ये त्यांचा अर्थ 9आर नावाची रचना असा लावला गेला. अणूंच्या थरांच्या तीन शक्य जागांना ए, बी, सी म्हटलं, तर थर एबीएबी असे रचले की हेक्सागोनल, एबीसीएबीसी असे रचले की एफसीसी. 9आरचा क्रम एबीसीबीसीएसीएबी. नऊ थरांनी तो पुन्हा सुरू होतो. प्रत्येक थराचे दोन्ही शेजारी पाहिले तर दर तीन थरांपैकी दोन हेक्सागोनल घडणीचे आणि एक एफसीसी घडणीचा निघतो. अशा मिश्र रचनेला आधी हेक्सागोनल समजलं गेलं, यात नवल नाही.

खरा घोळ ‘ग्राउंड स्टेट’ या शब्दाचा. थंड केल्यावर 9आर मिळते, म्हणून तीच लिथियमची ग्राउंड स्टेट, असं अनेक वर्षं सर्रास लिहिलं गेलं. पण हे रूपांतर मार्टेन्सिटिक आहे. अणू सुटे फिरून जागा शोधत नाहीत, थरच्या थर एकदम सरकतात. बीसीसीचा काही भाग तर मागेच राहतो. अशा वेळी जी रचना मिळते ती वाटेवर सर्वांत सोपी असलेली. तिची ऊर्जा सर्वांत कमी आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. 9आर आणि एफसीसी यांच्या ऊर्जेतला फरक इतका बारीक की नुसत्या गणितावर विसंबून निवाडा करणंही अवघड.

2017 मध्ये वाटच बदलली गेली. आधी दाबाखाली एफसीसी तयार केली, ती थंड ठेवली आणि मग दाब उतरवला. एफसीसी टिकली, 9आरमध्ये बदलली नाही. लिथियम-6 आणि लिथियम-7 ही दोन्ही समस्थानिकं तपासली गेली. ग्राउंड स्टेट एफसीसी आणि 9आर अर्धस्थिर (टिकणारी, पण सर्वांत कमी ऊर्जेची नसलेली), असा निष्कर्ष निघाला. ठोकलेल्या लिथियमने सत्तर वर्षांपूर्वी हेच दाखवलं होतं, असं मला वाटतं.

सोडियमही 36 केल्विनच्या आसपास असंच बदलू लागतं, आणि त्याचीही थंडीतली रचना 9आर म्हणूनच सांगितली जाते.