मामा तलावाचं हिरवं पाणी आणि अवकाशातली बारीक नजर

उन्हाळा तोंडावर आला की भंडारा-गोंदियातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचं पाणी आटत जातं आणि उरलेलं हिरवं पडतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून पाहिलं तर सगळं हिरवं एकसारखंच दिसतं. प्रत्यक्षात त्यात कुठे जलपर्णी असते, कुठे साधं हिरवं शेवाळ, तर कुठे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित शेवाळ. हा फरक गावाच्या दृष्टीने मोठा आहे. सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती विष तयार करतात आणि तेच पाणी गुरं पितात. शेवाळ फारच दाट झालं तर रात्रीतून पाण्यातला ऑक्सिजन संपतो, सकाळी मासे मरून वर आलेले दिसतात आणि ढीवर मच्छीमारांचं वर्षाचं उत्पन्न बुडतं.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, असे तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने कित्येक पिढ्यांपूर्वी बांधलेले हे माजी मालगुजारी तलाव आजही धानाच्या बांध्यांना पाणी देतात. प्रत्येक तलावातून दर पंधरवड्याला बाटलीभर पाणी काढून तपासणं कोणत्याही यंत्रणेला झेपणारं नाही. म्हणून प्रश्न पडतो, हे काम वरून, उपग्रहातून, होईल का?

रंगाच्या बाबतीत आपला डोळा ढोबळ आहे. लाल, हिरवा आणि निळा अशा तीनच प्रकारच्या ग्राहींवर त्याचं काम चालतं. मोबाइलचा कॅमेराही तसाच. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा मात्र येणाऱ्या प्रकाशाचे शे-दोनशे अरुंद पट्टे पाडतो, प्रत्येक पट्टा जेमतेम काही नॅनोमीटरचा, आणि जमिनीवरच्या प्रत्येक चौकटीतून, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्यात मावणाऱ्या जागेतून, कोणत्या पट्ट्यात किती प्रकाश परतला हे नोंदवतो. या नोंदींचा आलेख म्हणजे त्या चौकटीचा वर्णपट. क्लोरोफिल 670 ते 680 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं, त्यामुळे आलेखात तिथे खड्डा पडतो. हा खड्डा शेवाळाचा असो की जलपर्णीचा, दोन्हीकडे दिसतो. पण सायनोबॅक्टेरियात फायकोसायनिन नावाचं आणखी एक रंगद्रव्य असतं आणि ते 620 नॅनोमीटरजवळ दुसरा खड्डा पाडतं. जलपर्णीची पानं पाण्यावर पसरलेली असल्याने ती निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश जोरात परत पाठवतात. शेवाळ पाण्यात मिसळलेलं असेल तर तोच प्रकाश बराचसा पाणी गिळून टाकतं. म्हणजे डोळ्याला एकच वाटणारं हिरवं आलेखात वेगवेगळं निघतं.

मग आजवर हे का झालं नाही? युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह दर पाच दिवसांनी फुकट चित्रं देतो, 10 ते 20 मीटरच्या चौकटीत तलाव छान दिसतो, पण त्याच्या 13 पट्ट्यांत 620चा पट्टाच नाही. सेंटिनेल-3 मध्ये तो आहे, पण त्याची एक चौकट 300 मीटरची, म्हणजे नऊ हेक्टरची. तीन हेक्टरचा तलाव शेजारच्या बांध्यांसकट तिच्यात विरून जातो.

इस्रोने 2008 मध्ये आयएमएस-1 या 83 किलोच्या लहान उपग्रहावर 64 पट्ट्यांचा कॅमेरा पाठवला होता. त्याची चौकट अर्ध्या किलोमीटरची होती. 2018 च्या हायसिस उपग्रहाने ती 30 मीटरवर आणली. आता बंगळूरुच्या पिक्सेल कंपनीचे फायरफ्लाय उपग्रह आले आहेत. त्यातले पहिले तीन जानेवारी 2025 मध्ये गेले. वजन सुमारे 50 किलो, चौकट पाच मीटरची. 30 मीटरच्या चौकटीने तीन हेक्टरच्या तलावात जेमतेम 33 ठिपके बसतात आणि त्यातले बरेच काठावरचे, निम्मे पाणी नि निम्मी माती असलेले. पाच मीटरच्या चौकटीने बाराशे बसतात. मला हा बदल पट्ट्यांच्या संख्येपेक्षाही मोलाचा वाटतो. गावच्या तलावाएवढी वस्तू मोजता येणं इथून सुरू होतं.

उपग्रह लहान ठेवण्याची किंमतही असते. भिंग लहान, पट्टा अरुंद, म्हणून प्रत्येक पट्ट्यात प्रकाश फार थोडा येतो. त्यात पाणी मुळातच काळसर. तलावावरून उपग्रहापर्यंत पोचणारा बहुतांश प्रकाश तर मधल्या हवेनेच विखुरलेला असतो, तो हिशेबाने वजा करावा लागतो. नॉर्वेच्या एनटीएनयू विद्यापीठाने 2022 मध्ये समुद्रातलं शेवाळ पाहण्यासाठी हिप्सो-1 सोडला. तो जेमतेम सात किलोचा आहे. पुढे सरकताना तो स्वतःला हळूहळू वळवत एकाच जागेकडे जास्त वेळ पाहतो आणि प्रकाशाची तूट भरून काढतो. ही युक्ती मला फार आवडते.

आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे यातलं काही चालत नाही, धानाच्या हंगामासाठी ही मोठीच अडचण. तलावांच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल आहे. हिरव्या पाण्याचा त्रास वाढतो तो नोव्हेंबर ते मे या काळात, आणि तेव्हा विदर्भाचं आभाळ बहुतेक मोकळं असतं.

पण नुसत्या आलेखावर विसंबून चालणार नाही. जून 2020 मध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं. रंग बदलल्याचं उपग्रहाच्या चित्रांतही दिसलं. कारण मात्र कळलं ते सरोवरातलं पाणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासल्यावर: खारट पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. मामा तलाव तर उथळ आणि गढूळ. गाळ आणि तळ दोन्ही वर्णपटात मिसळतात. दुसऱ्या देशातल्या स्वच्छ तळ्यांवर बसवलेलं सूत्र इथे हमखास चुकेल.

इथलं सूत्र बसवायचं तर उपग्रह डोक्यावरून जातो त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासा-दोन तासांत, कुणीतरी डोंग्यातून तलावाच्या मध्यावर जाऊन पाणी काढायला हवं. पांढरी-काळी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचं, पाणी गाळून क्लोरोफिल मोजायचं, सूक्ष्मदर्शकाखाली जाती पाहायच्या. साकोली, तुमसर, अर्जुनी मोरगाव इथल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना हे जमण्यासारखं आहे. डोंगा आणि तलावाची माहिती ढीवरांच्या मच्छीमार संस्थांकडे आहेच, त्या कामाचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. सुरुवात दहा-बारा तलावांपासून करावी. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी हाताशी आल्या तरी, कोणत्या तलावाचं पाणी गुरांना पाजू नये हे सांगणारं पहिलं सूत्र तपासून पाहता येईल.