घाटापलीकडची काटेरी वने

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तोच मोसमी वारा सह्याद्रीवर पाणी सांडून पलीकडे उतरतो, तेव्हा विजापूरच्या वाट्याला जेमतेम ६०० मिलिमीटर येतात. १५१० पर्यंत दोन्ही मुलखांवर आदिलशाहीचाच अंमल होता, पण रान मात्र कधीच एक नव्हते.

ब्रिटिश वनाधिकारी हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये भारतातील वनांचे वर्गीकरण मांडले आणि १९६८ मध्ये सेठ यांच्यासह ते सुधारले. त्यात उष्णकटिबंधीय काटेरी वनांना स्वतंत्र गट मिळाला. बाभूळ, हिवर, खैर, बोर, नेपती ही तिथली झाडे.

काटे पाणी वाचवण्यासाठी असतात, असे आपण शाळेपासून ऐकतो. निवडुंगापुरते ते बरेचसे खरे आहे. त्याची पानेच काटे झाली आणि अन्न बनवण्याचे काम हिरव्या खोडाने घेतले. फड्या निवडुंग पर्णरंध्रे, म्हणजे हवेच्या ये-जा करण्याची सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारे बंद ठेवून वापरतो. बाभळीचे तसे नाही. तिचे काटे म्हणजे पानाच्या देठाशी असणारी उपपर्णे. पाने शाबूत, फक्त बारीक पर्णिकांची. तिथे काटा आहे तो शेळी-हरणाच्या तोंडासाठी. पाण्याची तजवीज खोल मुळे करतात. नेपतीने तर पाने जवळजवळ सोडूनच दिली, हिरव्या फांद्यांवर तिचे भागते.

यातले सगळे काटेवन पावसाच्या तुटीतून आलेले नाही. तोड आणि अतिचराईने पानझडी जंगल विरळ होत गेले, तिथेही काटेरी झाडेच टिकली. फड्या तर मूळचा अमेरिकेतला. १७९५ मध्ये लाल रंगासाठी ब्राझीलहून कोचिनीलचे कीटक भारतात आणले. आलेली जात रंगाला हलकी निघाली, पण तिने फड्याच्या एका जातीचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीला आवरायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा कीटक आणावा लागला.

गोव्यातले सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारे, काटेवनात मोडत नाहीत. पण जांभ्याच्या कातळावर मातीचा थर पातळ, पावसाचे पाणी वाहून जाते आणि मार्चमध्ये कातळ भाजून निघतो. तिथे करवंदीची जाळी चिवट पाने आणि दुबेळकी काटे घेऊन हिरवी उभी असते. हा उन्हाळ्यातला सडा पाहून त्याला ओसाड ठरवणे मला मुळीच पटत नाही.