फोनची पहिली वाट बंद पडली, हे गेटवेला कळतं कसं?

रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा दात जमिनीखालच्या फायबरला लागतो आणि जवळच्या रुग्णालयाचं इंटरनेट जातं. आता फोनही इंटरनेटवरूनच चालतात, त्यामुळे तेही त्याच क्षणी मुके होतात. म्हणून आतले फोन आणि बाहेरचं जाळं जोडणाऱ्या गेटवेला आधीच दुसरी वाट दाखवून ठेवावी लागते. ती म्हणजे तांब्याच्या तारेच्या दोन-चार लँडलाइन, किंवा दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन. (दुसऱ्या कंपनीची फायबर त्याच चरातून आलेली नाही ना, हे मात्र आधी विचारून घ्यावं.)

दुसरी वाट नोंदवणं सोपं आहे. सिस्को या कंपनीच्या गेटवेत प्रत्येक वाटेला ‘डायल पीअर’ म्हणतात आणि तिला ० ते १० असा पसंतीक्रम देतात. ० ला पहिला मान. इंटरनेटच्या वाटेला ०, लँडलाइनला १ दिलं की मांडणी झाली. अवघड प्रश्न पुढे आहे: पहिली वाट बंद आहे, हे गेटवेने केव्हा ठरवायचं?

इंटरनेटवरचे कॉल बहुतेक ‘सिप’ नावाच्या नियमांनी जोडले जातात. २००२ साली आलेल्या त्याच्या मानकात याचं गणित दिलेलं आहे. गेटवे ‘हा क्रमांक जोडून द्या’ असा निरोप पाठवतो. उत्तर आलं नाही तर अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग १ सेकंद थांबून, मग २, ४, ८, १६. थांबणं दर वेळी दुप्पट होतं, कारण पलीकडचा सर्व्हर बंद नसून नुसता कामाखाली दबलेला असेल, तर निरोपांच्या माऱ्याने तो आणखी कोलमडेल. यूडीपीवर, म्हणजे पोच न मागता निरोप सोडण्याच्या पद्धतीवर, असे सात निरोप जातात आणि ३२ सेकंदांनी गेटवे हात टेकतो. नियम म्हणून हे शहाणपणाचं आहे. पण रिसीव्हर कानाला लावून ३२ सेकंद शांतता कोण ऐकेल? माणूस फोन ठेवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तीच शांतता. दुसरी वाट तयार असते आणि तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. म्हणून ही सेटिंग हाताने बदलावी लागते. फक्त दोन फेरनिरोपांची मुभा ठेवली, की साडेतीन सेकंदांत निकाल लागतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे कॉल नसतानाही चौकशी करत राहणं. गेटवे दर अर्ध्या-एक मिनिटाने ‘ऑप्शन्स’ हा छोटा निरोप पाठवतो. लागोपाठ काही निरोपांना उत्तर आलं नाही, की ती वाट बंद धरून पुढचे कॉल थेट दुसरीकडे सोडतो. वाट सुरू झाल्यावरही लगेच परत फिरू नये. अर्धवट जोडलेली फायबर येते-जाते, येते-जाते, आणि गेटवे तिच्यामागे हेलकावे खात राहतो. काही मिनिटं सलग उत्तरं मिळू द्यावीत.

आता उत्तर येतं, पण ते नकाराचं असतं, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सिपमध्ये अशा प्रत्येक उत्तराला तीन आकडी खूण असते. ५०३ म्हणजे सेवा उपलब्ध नाही: दुसरी वाट धरा. ४८६ म्हणजे समोरचा माणूस फोनवर बोलतो आहे. इथे दुसऱ्या वाटेने जाऊन उपयोग नाही, तो तिथूनही बोलतच असणार. ४०४ म्हणजे असा क्रमांकच नाही. ४०३ ला मात्र नीट विचार करावा. ती परवानगी नाकारल्याची खूण आहे आणि बऱ्याचदा अडचण आपल्या खात्यात असते, तेव्हा लँडलाइनवरून कॉल लागू शकतो. प्रत्येक नकाराला दुसरी वाट लावून दिली, तर एकेका व्यस्त क्रमांकासाठी मोजक्या लँडलाइन अडकून पडतात.

वाट बदलली की क्रमांकही बदलावा लागतो. इंटरनेटच्या वाटेला बहुधा +९१ लागतं. लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर १५ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आधी ० लावणं सक्तीचं आहे. गेटवेने +९१ काढून ० लावला नाही, तर वाट शाबूत असून कॉल लागत नाही.

येणाऱ्या कॉलचं गेटवेच्या हातात काही नसतं, कारण ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. ते दुसऱ्या क्रमांकाकडे वळवण्याची सोय सेवा देणाऱ्या कंपनीकडेच करून घ्यावी लागते.

राहिला प्रश्न लाइन किती घ्यायच्या याचा. त्याचं सूत्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली मांडलं. समजा तासाला सरासरी ३ मिनिटांचे २०० कॉल होतात. म्हणजे एका वेळी सरासरी १० लाइन गुंतलेल्या. एवढा भार चार लँडलाइनवर टाकला, तर त्या सूत्रानुसार शंभरातले सुमारे ६५ कॉल परत फिरतात. लोक पुन्हापुन्हा लावू लागले की प्रत्यक्षात याहून वाईट. म्हणून दुसरी वाट सगळ्यांना खुली ठेवू नये. अपघात विभाग, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि कुणीही फिरवो, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, एवढ्यांनाच तिथे प्रवेश द्यावा. ११२ तर इंटरनेट चालू असतानाही आधी लँडलाइनवरच सोडावा, कारण त्या तारेचा पत्ता टेलिफोन कंपनीकडे नोंदलेला असतो. लेखा विभाग आणि कॅन्टीनचे फोन फायबर जोडली जाईपर्यंत आतल्या आत चालले तरी पुरे.