तुटलेलं डाउनलोड जोडताना

चार जीबीची फाइल आणि सेकंदाला ४ मेगाबिटचा वेग: हिशेब साधारण सव्वादोन तासांवर जातो. तेवढ्यात वीज जाते किंवा राउटर मान टाकतो, आणि ब्राउझर ९० टक्क्यांवर हात वर करतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (अख्खी डिस्क सामावलेली एकच फाइल) उतरवणारे अशा वेळी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, उघडून 'डब्ल्यूगेट' वापरतात. क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्राम १९९६ मध्ये आला. त्याला ना खिडकी, ना बटण.

आज्ञा एका ओळीची: डब्ल्यूगेट, मोकळी जागा, मग अवतरणचिन्हांत फाइलचा पत्ता. (इथे सगळं उच्चाराप्रमाणे लिहिलं आहे, टाइप करायचं ते रोमन लिपीत.) अवतरणचिन्हं गाळू नका. पत्त्यात '&' असेल, तर शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) त्याचा अर्थ 'इथपर्यंतची आज्ञा मागे चालू ठेव' असा लावतो. पत्ता तिथेच तुटतो आणि भलतंच काहीतरी उतरतं.

चालू असताना जोडणी तुटली, तर डब्ल्यूगेट स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, एकूण २० वेळा. पण फाइल सर्व्हरवर नसेल किंवा सर्व्हरने जोडणीच नाकारली, तर तो लगेच थांबतो. नेटवर्क तुटतं तेव्हा मात्र ते दर वेळी सांगून तुटत नाही. डेटा यायचा बंद होतो, जोडणी कागदोपत्री जिवंत राहते आणि डब्ल्यूगेट तब्बल ९०० सेकंद वाट पाहत बसतो. म्हणून दोन आडव्या रेघा, टाइमआउट, बरोबरचं चिन्ह आणि ३० असं जोडावं. मग तो अर्ध्या मिनिटात पुन्हा प्रयत्नाला लागतो.

संगणकच बंद पडला असेल, तर त्याच फोल्डरमध्ये तीच आज्ञा द्यायची, फक्त पत्त्याआधी आडवी रेघ आणि लहान 'सी' घालून. डब्ल्यूगेट डिस्कवरच्या अर्धवट फाइलचे बाइट मोजतो. समजा २०० कोटी भरले. बाइटची मोजणी शून्यापासून होते, म्हणून तो सर्व्हरला सांगतो, '२०० कोटी क्रमांकाच्या बाइटपासून पुढचं दे'. सर्व्हरला असं मधूनच देता येत असेल, तर उत्तराचा क्रमांक २०६ येतो. २०० आला तर त्याला ते जमत नाही. अशा वेळी डब्ल्यूगेटच्या नव्या आवृत्त्या पहिल्यापासून उतरवायला लागतात. 'सी' विसरलात, तर जुन्या फाइलला हात न लावता नावाच्या शेवटी '.१' लावलेली दुसरी फाइल सुरू होते, आणि अर्धी रात्र फुकट जाते.

'सी'ला फक्त लांबी कळते, मजकूर नाही. सर्व्हरवरची फाइल मधल्या काळात बदलली असेल, तर जुनं डोकं आणि नवं धड जोडलं जातं. आकार बरोबर, फाइल निकामी. रोज नव्याने बनणाऱ्या आयएसओंच्या बाबतीत हा धोका खरा आहे.

नाव बदलून साठवायला मोठा 'ओ' लागतो. लहान 'ओ' दिला, तर त्या नावाच्या फाइलमध्ये डाउनलोडच्या नोंदी जातात आणि फाइल आपल्या मूळ नावानेच उतरते. मोठा 'ओ'ही निष्पाप नाही: त्या नावाची फाइल आधीच असेल, तर ती सुरुवातीलाच रिकामी केली जाते.

घरातल्यांचं इंटरनेट अडू नये म्हणून वेगावर मर्यादा घालणाऱ्या 'लिमिट-रेट'ला (आधी दोन आडव्या रेघा) '३००के' देता येतं. हे किलोबाइट आहेत, म्हणजे सुमारे २.४ मेगाबिट. ४० मेगाबिटच्या प्लॅनवर डब्ल्यूगेटने ५ एमबी दाखवले, तरी फसवणूक झालेली नसते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात.

पेनड्राइव्हवर थेट उतरवताना ४ जीबीच्या आसपास चूक आली, तर दोष बहुधा फॅट-३२ या जुन्या मांडणीचा. तिच्यात त्याहून मोठी फाइल मावत नाही. आयएसओऐवजी काही केबींचीच फाइल आली, तर आत बहुतेक लॉगिनचं पान असतं. लिनक्सवर 'फाइल' ही आज्ञा ते लगेच उघड करते.

शेवटी फाइलच्या मजकुरावरून तिचा ठसा काढणारी 'शा-२५६-सम' ही आज्ञा चालवून येणारी ६४ अक्षरं संकेतस्थळावरच्या ओळीशी ताडायची. ती जुळली नाहीत, तर 'सी' लावून काही सुधारणार नाही. फाइल पुसून पुन्हा उतरवावी लागते.