समुद्र आणि गोड्या पाण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय सहकार्य

समुद्र जपायचा आणि गोडं पाणी नीट वाटून वापरायचं म्हणून देशादेशांनी केलेले करार, त्यातून उभी राहिलेली मंडळं आणि आयोग, आणि तिथे चालणारं मोजमापाचं, वाटपाचं, भांडणं मिटवायचं काम, हे सगळं या विषयात येतं. पृथ्वीवरचं साधारण ९७.५ टक्के पाणी खारं आहे, गोडं जेमतेम २.५ टक्के, त्यातलंही बहुतेक बर्फात नाहीतर जमिनीखाली, म्हणजे नद्या-तळ्यांतून सहज हाताला लागणारं पाणी अगदीच थोडं, आणि ते काही सरहद्दी बघून वाहत नाही. १५३ देशांना कुठली ना कुठली नदी, तळं किंवा भूजल शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यावं लागतं. समुद्राचा तर जवळपास दोन तृतीयांश भाग कुठल्याच देशाच्या हद्दीत येत नाही.

पण कायद्यात खारं पाणी आणि गोडं पाणी ही दोन वेगळी खाती होऊन बसलीत. समुद्राचे करार वेगळे, नद्यांचे वेगळे, दोन्हीकडची माणसं, खाती, बैठका सगळंच वेगळं, आणि नदी जिथे समुद्राला मिळते ती जागा दोघांच्याही नजरेतून सुटते. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, कारण नदीत टाकलेलं सगळं शेवटी समुद्रातच जातं आणि नदीतून काढून घेतलेलं पाणी समुद्रापर्यंत पोचत नाही.

डॅन्यूब आणि काळा समुद्र

हे कसं होतं ते काळ्या समुद्रात स्पष्ट दिसलं. डॅन्यूब नदी जर्मनीत उगम पावते, १० देशांतून वाहते आणि तिच्या खोऱ्यात एकूण १९ देश येतात. १९७० आणि ८० च्या दशकांत या सगळ्या शेतांमधलं खत आणि शहरांमधलं सांडपाणी नदीतून काळ्या समुद्राच्या वायव्येकडच्या उथळ भागात येत राहिलं, त्यावर शेवाळ माजलं, ते मेलं, तळाशी जाऊन कुजलं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकला, मग तळावरचे शिंपले आणि मासे गुदमरून मेले. तिथे लाल समुद्री वनस्पतींचं प्रचंड मोठं कुरण होतं, पाणी गढूळ झाल्यावर ऊन तळापर्यंत पोचेना म्हणून तेही जवळपास संपलं. त्यात भर म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्याकडची एक कोंब जेली, म्हणजे जेलीफिशसारखा मऊ, पारदर्शक समुद्री जीव, जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरतात त्या पाण्यातून, इथे आली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी बेसुमार वाढली. अँकोव्ही माशाची अंडी, पिल्लं आणि त्या पिल्लांचं खाणं सगळं तिने फस्त केलं, मासेमारी कोसळली.

आता यात दोष कोणाचा धरायचा? वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला समुद्र दिसतही नाही आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला त्या शेतकऱ्याच्या देशात काही बोलायचा हक्क नाही. १९९२ मध्ये किनाऱ्यावरच्या सहा देशांनी बुखारेस्टला समुद्राचा करार केला, १९९४ मध्ये सोफियाला डॅन्यूबचा करार झाला, आणि २००१ मध्ये या दोन्ही आयोगांनी आपसात समझोता केला की नदीतून येणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस एकत्र बसून कमी करायचं. नदीवाले आणि समुद्रवाले एका टेबलाशी आले, हे जगात फार कमी ठिकाणी घडलंय. समुद्र थोडा सावरलाही, पण त्याचं सगळं श्रेय करारांना देता येत नाही, कारण १९९० नंतर पूर्व युरोपातली शेतीच इतकी कोसळली की खताचा वापर आपोआप घटला. बॅलास्ट पाण्यावरचा जागतिक करार २००४ मध्ये झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडलं.

समुद्राचे करार

१९६७ मध्ये माल्टाचे राजदूत आर्विड पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडलं की खोल समुद्राचा तळ ही साऱ्या मानवजातीची सामाईक ठेव मानावी. तिथून सुरू झालेल्या वाटाघाटींतून १९८२ चा समुद्र कायद्याचा करार आला, जो १९९४ मध्ये लागू झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत मासे, तेल, खनिजं यांवर त्या देशाचा हक्क, असं त्यात ठरलं. भांडणांसाठी हॅम्बुर्गला न्यायाधिकरण आहे, तळाच्या खाणकामासाठी जमैकात किंग्स्टनला प्राधिकरण आहे. अमेरिकेने मात्र हा करार आजवर मंजूर केलेला नाही.

२०० मैलांपलीकडच्या जीवसृष्टीला वाली कोण, हा प्रश्न त्यातून सुटला नव्हता. त्यावर जवळपास २० वर्षं चर्चा चालली, शेवटी मार्च २०२३ मध्ये सिंगापूरच्या रेना ली यांच्या अध्यक्षतेखाली मसुदा ठरला, जूनमध्ये तो स्वीकारला गेला, ६० देशांची मंजुरी सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि १७ जानेवारी २०२६ पासून करार लागू झाला. यातली खरी ताकदीची गोष्ट म्हणजे खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्र ठरवताना एकमत झालं नाही तर तीन चतुर्थांश मतांनी निर्णय घेता येतो, म्हणजे एकटा देश अडून बसला म्हणून सगळं ठप्प होणार नाही.

कागदावर क्षेत्र राखीव झालं तरी भर समुद्रात पहारा कोण देणार, हे राहतंच. यावर मला सगळ्यात व्यवहारी वाटलेला उपाय २००९ च्या बंदर कराराचा आहे, जो २०१६ पासून लागू आहे. बेकायदा मासे पकडणाऱ्या जहाजामागे समुद्रभर धावायचं नाही, मासे विकायला त्याला कधीतरी बंदरात यावंच लागतं, तिथेच तपासायचं आणि उतरू द्यायचं नाही. मासेमारीच्या सबसिडीवरचा जागतिक व्यापार संघटनेचा करारही २०२२ मध्ये होऊन सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला, मात्र जादा जहाजं उभी करणाऱ्या सबसिडीचा भाग अजून अडकलाय. तिथे भारताने विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची सवलत मागितली होती, आणि ही मागणी समजून घेण्यासारखी आहे, कारण समुद्र उपसला तो दूरवर जाणाऱ्या मोठ्या ताफ्यांनी आणि नियमाचा चटका बसणार छोट्या होडीवाल्यांना.

नद्यांचे करार

सगळ्या जगासाठी म्हणून १९९७ चा करार आहे. न्याय्य आणि वाजवी वापर करा, शेजाऱ्याचं मोठं नुकसान करू नका, असा त्याचा गाभा. चीन, तुर्की आणि बुरुंडीने विरोधात मत दिलं, भारत आणि पाकिस्तान दोघंही तटस्थ राहिले, आणि तो लागू व्हायला २०१४ साल लागलं. तरी प्रत्यक्षात काम होतं ते एकेका नदीच्या करारावरच.

ऱ्हाईनचा आयोग १९५० पासूनचा. फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणी नदीत मीठ सोडायच्या आणि खाली नेदरलँड्सचं पाणी खराब व्हायचं, तेव्हा १९७६ च्या करारात खर्च वाटून घेतला गेला आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३४ टक्के, नुकसान सोसणाऱ्या नेदरलँड्सनेच उचलला. हे न्यायाला धरून वाटत नाही, पण मीठ कमी व्हायची सुरुवात त्यातून झाली. मग १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांचं गोदाम पेटलं, आग विझवायचं पाणी कीटकनाशकांसकट नदीत गेलं आणि खाली दूरपर्यंत ईल मासे मरून पडले. त्या धक्क्यानंतर पुढच्याच वर्षी सगळ्यांनी ठरवलं की २००० पर्यंत सामन मासा नदीत परत आला पाहिजे. समुद्रातून नदीत चढणारा मासा हे उद्दिष्ट ठेवल्यामुळे पाणी साफ करणं आणि धरणांवर माशांसाठी जिने बांधणं, दोन्ही करावंच लागलं.

सेनेगाल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगाल यांनी १९७२ मध्ये संस्था काढली आणि मनंताली धरण चक्क सामाईक मालकीचं बांधलं. वीज माली ५२, सेनेगाल ३३ आणि मॉरिटानिया १५ टक्के अशी वाटली जाते. १९८९ मध्ये सेनेगाल आणि मॉरिटानिया यांचे संबंध तुटले तरी संस्था मोडली नाही. पण मुखाजवळच्या दियामा धरणाने खारं पाणी अडवलं आणि सगळं गोडं झाल्यावर धरणाच्या वरच्या अंगाला गोगलगायी वाढल्या, त्यांना खाणाऱ्या कोळंबीची वाट बंद झाली आणि गोगलगायींमधून पसरणाऱ्या बिल्हार्झिया रोगाची मोठी साथ आली.

याच्या उलट काम कोलोरॅडो नदीवर झालं. ती समुद्राला पोचायच्या आधीच आटायची. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात १९४४ चा पाणीवाटप करार होता, त्याला २०१२ मध्ये पुरवणी जोडून नदीच्या त्रिभुज प्रदेशासाठी मुद्दाम पाणी सोडायचं ठरलं. २०१४ च्या वसंतात आठ आठवडे मोरेलोस धरणातून पाणी सोडलं, कोरड्या पात्रात मुलं खेळायला उतरली आणि पाणी शेवटी कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत जाऊन पोचलं.

१९६० च्या सिंधू करारात मात्र समुद्रापर्यंत किती पाणी पोचावं याचा उल्लेखच नाही. तीन नद्या भारताला, तीन पाकिस्तानला, एवढी सरळ वाटणी, जी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही टिकली आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने स्थगित केली. भारत आणि बांगलादेश यांच्यातला गंगेचा १९९६ चा करारही जानेवारी ते मे या महिन्यांत पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यापाशी दर १० दिवसांचा प्रवाह मोजून वाटणी करतो, ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं निम्मं. त्याची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा रेटा कमी पडला की बांगलादेशाच्या नैर्ऋत्येला खारं पाणी आत सरकतं आणि सुंदरबनातली सुंदरीची झाडं शेंड्यापासून वाळतात, त्यामुळे नव्या वाटाघाटींत फराक्क्याच्या आकड्याबरोबर मुखाजवळची क्षारताही मोजायला घ्यायला हवी.