वनाच्छादनाचा आकडा येतो कुठून?

देशातलं वनाच्छादन वाढलं की घटलं हे सांगणारा वनस्थिती अहवाल साधारण दोन वर्षांनी येतो. धोरण आखताना त्याच्याच टक्क्यांचा आधार घेतला जातो.

उपग्रहाच्या चित्रांवरून हे टक्के काढायला लागून पन्नास वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी जंगल किती, याचं उत्तर वन खात्याच्या दप्तरात असे. दप्तरी वनजमीन देशाच्या सुमारे २३ टक्के होती. त्या जमिनीवर झाडं उरली आहेत का, हे मात्र नोंदीवरून कळायला मार्ग नव्हता.

मग हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची दोन काळांतली चित्रं ताडून पाहिली. १९७२-७५ मध्ये १६.८९ टक्के असलेलं वनाच्छादन १९८०-८२ मध्ये १४.१० टक्क्यांवर आलं होतं. सात-आठ वर्षांत ९२ लाख हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास तीन दशांश जंगल गेलं होतं. दप्तराने हे कधीच सांगितलं नसतं.

डेहराडूनला १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाने पहिला अहवाल १९८७ साली काढला. त्यात १९८१-८३ च्या चित्रांवरून आकडा आला १९.४९ टक्के! जवळजवळ तोच काळ, तसलीच चित्रं, तरी पाच टक्क्यांची तफावत. शेवटी दोन्ही संस्थांना आकडे जुळवायला बसावं लागलं. मला या इतिहासातला हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चित्रात काय दिसतं याइतकंच कशाला जंगल म्हणायचं यावरही आकडा ठरतो, हे तेव्हाच उघड झालं.

१९८८ च्या मार्चमध्ये आपला आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेला. पुढे चित्रं अधिक बारकाईने दिसू लागली. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ८० मीटरांचा होता, तो साडेतेवीस मीटरांवर आला.

व्याख्या मात्र ढोबळच राहिली. एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांची सावली दहा टक्के असली की ते वनाच्छादन, मग जमीन कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. त्यामुळे कोकणातली हापूसची बाग यात मोजली जाते आणि सोलापूरकडचं माळढोकाचं माळरान गळतं. त्याच माळावर झाडं लावली, तर टक्केवारी वाढते आणि माळढोकाचं घर जातं. २०२३ च्या अहवालातले २१.७६ टक्केही याच व्याख्येने काढलेले आहेत. नैसर्गिक जंगल आणि लागवड यांचे आकडे वेगळे द्या, ही अभ्यासकांची मागणी म्हणूनच रास्त आहे.